इलफर्ड एचपी५ प्लस: फोटो दाखवून खरं मत हवं असेल तर ही फिल्म घ्या

हौशी फोटोवाले जमले आणि फिल्मचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो, इतकी वर्षं डिजिटलच वापरतोय, एकदा फिल्म करून बघायचीय, कुठली घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे, इलफर्ड एचपी५ प्लस, आणि ते का ठरलंय हे प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकते. याच्यापेक्षा देखण्या फिल्म्स आहेत, याच्यापेक्षा बारीक ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे फोटोत दिसणारे कण) तर कितीतरी आहेत, त्यात वाद नाही. पण ज्याला आपले फोटो चार जणांसमोर ठेवायचेत, त्यांचं ऐकून पुढचा रोल सुधारायचाय, त्याच्यासाठी माझ्या मते हीच.

आधी थोडी माहिती. ही आयएसओ ४०० ची (आयएसओ म्हणजे उजेड टिपण्याचा वेग) ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह फिल्म, ३५ मिमी, १२० आणि शीट अशा सगळ्या साइजमध्ये मिळते. एचपी हे नाव बरंच जुनं, १९३१ साली काचेच्या प्लेटवर सुरू झालेलं, मग आकडे वाढत वाढत १९७६ ला एचपी५ आली आणि १९८९ ला तिचं आत्ताचं रूप, एचपी५ प्लस. म्हणजे आज आपण कॅमेऱ्यात घालतो त्या इमल्शनलासुद्धा (फिल्मवरचा उजेड टिपणारा थर) पस्तीसपेक्षा जास्त वर्षं झाली. हार्मन टेक्नॉलॉजी नावाची कंपनी इंग्लंडमधल्या मोबर्ली इथे ती बनवते. एवढी जुनी आणि एवढी सर्रास वापरली जाणारी फिल्म असल्यामुळे कुठलाही डेव्हलपर (फिल्म धुण्याचं केमिकल) घ्या, त्याचा टाइम कुणी ना कुणी आधी करून बघितलेला असतोच, आणि एकमेकांचे रिझल्ट ताडून बघायचे असतील तर ही फार मोठी सोय आहे.

आता मुद्द्याचं. डिजिटलवरून येणाऱ्या माणसाची पहिली सवय म्हणजे हायलाइट, फोटोतले सगळ्यात उजळ भाग, सांभाळायचे. सेन्सरवर पांढरं एकदा गेलं की गेलं, तिथे काहीच उरत नाही, म्हणून आपण उजेड थोडा कमी, अंडर ठेवतो आणि नंतर रॉ म्हणजे कच्च्या फाइलमधून शॅडो, म्हणजे काळोखे भाग, वर ओढतो. निगेटिव्ह फिल्मवर हे बरोबर उलटं. जिथे उजेड कमी पडला तिथे निगेटिव्ह कोरीच राहते, तिथून पुढे काही म्हणता काही निघत नाही, आणि जिथे जास्त पडला तिथे ती नुसती दाट होत जाते पण डिटेल बराच काळ धरून ठेवते. एचपी५ प्लसमध्ये हा वरचा दम भरपूर आहे, एखाद-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) ओव्हर झालं तरी व्यवस्थित प्रिंट किंवा स्कॅन होण्यासारखी निगेटिव्ह मिळते. त्यामुळे नवीन माणसाचा पहिला रोल एक्स्पोजरपायी, म्हणजे उजेड कमी-जास्त पडल्यामुळे, सहसा फुकट जात नाही आणि लोकांसमोर ठेवायला काहीतरी असतं. हे साधं वाटतं पण फीडबॅकच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, कारण फोटो तांत्रिकदृष्ट्या पडला की बघणारे एक्स्पोजरवरच बोलत बसतात, फोटोवर बोलतच नाहीत.

एक उदाहरण देते. खिडकीशेजारी बसून स्वेटर विणणारी एक वयस्कर बाई, उजेड एका बाजूने, चेहऱ्याची दुसरी बाजू जवळजवळ काळोखात. मी सावलीतल्या बाहीवर मीटर केलं, म्हणजे तिथला उजेड मोजला, आणि त्यापेक्षा दोन स्टॉप कमी ठेवून फोटो काढला, १/३० ला, त्यामुळे सुया किंचित हललेल्या. खिडकी निगेटिव्हवर एकदम काळीकुट्ट दिसत होती, वाटलं तिथे काही नसणार, पण स्कॅन केल्यावर पडद्याची वीणसुद्धा आली, आणि सावलीतल्या बाहीवरचे लोकरीचे टाके मोजता येतील इतके स्पष्ट. हाच सीन डिजिटलवर पण काढला होता, खिडकीच्या उजेडाप्रमाणे एक्स्पोजर ठेवून. तो नंतर सॉफ्टवेअरमध्ये सावरला, चांगला झाला, पण सावलीतला चेहरा ओढूनताणून वर आणल्याचं कळत होतं.

दोन्ही फोटो आमच्या हौशी फोटोवाल्यांच्या ग्रुपमध्ये टाकले. डिजिटलवर पहिल्या सगळ्या कमेंट शॅडोमधल्या नॉइजवर (डिजिटलचे ठिपके) आणि त्वचेच्या रंगावर. फिल्मवाल्यावर आमच्यातल्या एका सिनियर दादांनी एवढंच लिहिलं, "अगं, डावा हात मनगटापाशीच कापला गेलाय, विणणाऱ्या बाईचा हातच अर्धा, मग बघायचं काय?" आणि अगदी खरं होतं ते! फ्रेम तीच, हात डिजिटलमध्येही तसाच कापलेला, पण तिथे कुणाला तो दिसला नाही कारण नजर रंगात आणि नॉइजमध्ये अडकली. रंग काढून टाकले आणि टोन, म्हणजे काळ्या-पांढऱ्यामधल्या छटा, नीट असले की फोटोचा सांगाडा उघडा पडतो, कडा, हात, मागचा पसारा, कोण कुठे बघतंय, सगळं. कुणी म्हणेल की डिजिटल फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला तरी हेच होईल. थोडंफार होतं, पण तिथे स्लायडर हलवून आवडेपर्यंत मूड बदलता येतो आणि मग लोक मूडवर बोलतात.

दुसरी गोष्ट, कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे अख्ख्या रोलच्या सगळ्या फ्रेम छोट्या आकारात एकाच कागदावर. यावर कुणी फारसं लिहीत नाही आणि मला तर वाटतं की फिल्मचा खरा उपयोग शिकणाऱ्याला इथेच होतो. ३६ फ्रेम, काढल्या त्याच क्रमाने, एकही डिलीट न करता येणाऱ्या. डिजिटलमध्ये आपण निवडून एक फोटो दाखवतो, त्याच्या आधीचे आणि नंतरचे कुणाला दिसत नाहीत, बऱ्याचदा आपल्यालाही नाही कारण ते कार्डवरूनच उडवलेले असतात. अख्खा रोल समोर ठेवला की बघणाऱ्याला तुमची चाल कळते. कुठे तुम्ही घाबरून लांबूनच काढला, कुठे एकाच जागी उभं राहून तेच तेच चार वेळा काढलं, कुठे काहीतरी घडायला लागलं होतं आणि तुम्ही कॅमेरा खाली घेतला. आमच्यात एकीची शीट बघताना सगळ्यांच्या लक्षात आलं की ती प्रत्येक प्रसंगाची पहिली फ्रेम उभी काढते आणि मग आडवी, आणि चांगली नेहमी आडवीच असते. हे तिला एकेक फोटो बघून कुणीही सांगू शकलं नसतं. म्हणून माझं म्हणणं, फिल्म दाखवायची तर निवडक तीन फोटो दाखवू नका, शीट दाखवा, लाज वाटली तरी दाखवा, आणि कुणाचं तरी मत घेताना त्याला विचारा की तुम्ही यातली कुठली निवडली असती. दुसऱ्याने निवडलेली फ्रेम आणि आपण निवडलेली फ्रेम वेगळी निघाली की तिथून जी चर्चा सुरू होते ती सोन्यासारखी असते.

आता स्कॅन, कारण इथेच एचपी५ प्लसबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. ही फिल्म सपाट आहे, राखाडी आहे, जीव नाही, असं तुम्ही शंभर ठिकाणी वाचाल. निगेटिव्ह मऊ असते हे खरंच आहे, कॉन्ट्रास्ट कमी ठेवून जास्तीत जास्त माहिती साठवते, आणि मग प्रिंट करताना किंवा स्कॅनवर काम करताना कॉन्ट्रास्ट तुम्ही द्यायचा असतो. आलेला स्कॅन जसाच्या तसा टाकला तर तो सपाटच दिसणार, रॉ फाइल काहीही न करता टाकल्यासारखं आहे ते. आणि लॅबचं म्हणाल तर दोन टोकं असतात, एखादी लॅब अगदी फिकट स्कॅन देते आणि एखादी शार्पनिंग इतकं मारते की ग्रेन वाळूसारखा टोचतो. मला एकदा असा स्कॅन मिळाला होता की चेहऱ्यावर पुरळ आल्यासारखं वाटत होतं, निगेटिव्ह लाइटटेबलवर ठेवून भिंगातून बघितली तर एकदम गुळगुळीत टोन. म्हणजे लोक ज्याला फिल्मवरचा फीडबॅक समजतात तो निम्म्या वेळा स्कॅनवरचा फीडबॅक असतो!

म्हणून जमत असेल तर डिजिटल कॅमेऱ्यानेच स्कॅन करा. मॅक्रो लेन्स, खाली एकसारखा उजेड देणारं पॅनल, निगेटिव्ह सपाट धरणारा होल्डर, बास. फुलफ्रेम (३५ मिमी फ्रेमएवढ्या) सेन्सरवर १:१ ला, म्हणजे निगेटिव्ह आहे त्याच आकारात टिपली तर, २४ मेगापिक्सेलमध्ये साधारण ६००० बाय ४००० ची फाइल मिळते, इंचाला चार हजारांच्या वर पिक्सेल पडतात, दाखवायला आणि बऱ्यापैकी मोठी प्रिंट काढायला पुरून उरतं. रॉमध्ये काढा, कर्व्ह उलटा करा आणि मग ब्लॅक पॉइंट, म्हणजे पूर्ण काळं कुठे धरायचं ते, लावताना फ्रेमच्या बाहेरची जी कोरी पट्टी असते ती बघा. तिथे उजेड पडलेलाच नाही, त्यामुळे पॉझिटिव्हमध्ये ती काळी दिसायला हवी. ती राखाडी दिसत असेल तर स्कॅन सपाट आहे, फिल्मला नावं ठेवू नका. आणि तुमच्या फोटोतली शॅडो त्या पट्टीइतकीच काळी असेल, त्यात काहीच दिसत नसेल, तर तिथे एक्स्पोजर कमी पडलंय.

कडेला कंपनीने छापलेली अक्षरं आणि फ्रेमचे आकडे असतात ना, ते पण फार कामाचे. ती अक्षरं कारखान्यातच एक्स्पोज झालेली असतात, तुमच्या मीटरशी त्यांचा काही संबंध नाही. ती निगेटिव्हवर ठळक असतील आणि फोटो तेवढे फिके असतील तर गडबड एक्स्पोजरची, अक्षरंच फिकट असतील तर डेव्हलपिंग कमी झालंय किंवा केमिकल मेलंय. म्हणून माझी सगळ्यांना विनंती आहे की मत मागताना निदान एक फ्रेम तरी कडेच्या पट्टीसकट टाका. नाहीतर दहा जण दहा अंदाज बांधतात, कुणी म्हणतं मीटर खराब, कुणी म्हणतं शटर स्लो झालंय, आणि बिचारा विचारणारा आणखी गोंधळतो.

धुळीबद्दल एक, कारण नवीन लोक यात फार वैतागतात. रंगीत निगेटिव्हसाठी स्कॅनरमध्ये जी इन्फ्रारेडने धूळ काढायची सोय असते ती इथे चालत नाही. एचपी५ प्लसमध्ये इमेज चांदीची असते आणि चांदी इन्फ्रारेडला अडवते, मग सॉफ्टवेअर इमेजलाच धूळ समजून बसतं. हाताने ठिपके काढत बसावं लागतं. त्यापेक्षा वाळवतानाच काळजी घ्या, शेवटच्या पाण्यात वेटिंग एजंट (पाण्याचे डाग पडू नयेत म्हणून घालतात ते) आणि वाऱ्यापासून लांब टांगणे.

डेव्हलपिंग घरी करणार असाल तर या फिल्मइतकी समजूतदार फिल्म मी तरी बघितली नाही. आयडी-११ हा इलफर्डचाच डेव्हलपर, त्याच्या स्टॉकमध्ये (आणखी पाणी न घालता) २० डिग्रीला साडेसात मिनिटं, १+१ ला (तेवढंच पाणी घालून) १३ मिनिटं. मी १+१ च करते, केमिकल वापरून टाकून द्यायचं, दर वेळी ताजं, आणि टाइम लांब असल्यामुळे ओतताना पंधरा-वीस सेकंद इकडेतिकडे झाले तरी फरक पडत नाही. पहिले १० सेकंद चार वेळा उलटसुलट, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला तेवढंच. इथे फक्त एक सांगते, हलवण्याची पद्धत एकदा ठरवली की बदलू नका. ग्रुपमध्ये दोघांनी एकच फिल्म, एकच डेव्हलपर, एकच टाइम वापरला तरी एकाच्या निगेटिव्ह करकरीत आणि दुसऱ्याच्या मऊ येतात, आणि शोधलं तर बहुतेक वेळा हलवण्यात फरक किंवा थर्मामीटरमध्ये फरक निघतो. तुमचं स्वतःचं गणित पक्कं असेल तरच दुसऱ्याचा सल्ला तुमच्या कामाला येतो.

पुश करण्याबद्दल विचारतात म्हणून, पुश म्हणजे फिल्म ४०० पेक्षा जास्त आयएसओची धरून फोटो काढायचे आणि जास्त वेळ डेव्हलप करायची. एचपी५ प्लस ८०० ला छान चालते, १६०० ला पण चालते, आयडी-११ स्टॉकमध्ये १६०० साठी १४ मिनिटं. कंपनी ३२०० पर्यंत सांगते. पण पुश केल्याने शॅडोमध्ये नसलेलं डिटेल येत नाही, मधले आणि वरचे टोन वर जातात, कॉन्ट्रास्ट वाढतो, ग्रेन वाढतो. स्टेजवरचे कार्यक्रम, रात्रीचे रस्ते, तिथे तो काळपट करकरीतपणा शोभतो. खिडकीतल्या उजेडातल्या चेहऱ्यांना मी कधीच करणार नाही. आणि ट्रायपॉड लावून रात्रीचे लांब एक्स्पोजर देणार असाल तर लक्षात ठेवा, मीटरने १० सेकंद सांगितले तर फिल्मला साधारण २० द्यावे लागतात, सेकंदाच्या पुढे ही फिल्म मंदावत जाते. डिजिटलवर ही भानगड नाही, त्यामुळे लोक विसरतात आणि मग फिल्म खराब निघाली म्हणतात.

फिल्टरचं थोडक्यात, पिवळा एक घ्याच. नुसत्या फिल्मवर निळं आकाश फार फिकट येतं, पिवळ्याने ढग सुटे होतात आणि साधारण एक स्टॉप जातो. लाल टाकून आकाश काळं करायचा मोह सुरुवातीला सगळ्यांनाच होतो, तीन स्टॉप जातात आणि प्रत्येक फोटो वादळासारखा दिसायला लागतो.

ग्रेन. आहे, ३५ मिमीवर चांगला दिसतो, आकाशात आणि गालांवर जास्त. मला तो आवडतो, पण फीडबॅकमध्ये त्याच्यामुळे एक गडबड होते ती सांगितली पाहिजे. फोटोवर ग्रेन दिसला आणि खाली फिल्मचं नाव लिहिलेलं असलं की लोक एकदम हळवे होतात, "काय भारी टोन," "फिल्मची बातच वेगळी," आणि फोटोत काहीही नसलं तरी चालून जातं. तोच फोटो डिजिटल म्हणून टाकला तर फ्रेमिंगवरून, फोकसवरून सोलून काढतात. उलटंही होतं, काही पक्के डिजिटलवाले फिल्म बघितली की शार्प नाही एवढंच म्हणून पुढे जातात. यावर आमच्याकडे एक पद्धत पडली आहे आणि ती खरंच उपयोगी आहे. फोटो टाकताना काहीच माहिती द्यायची नाही, कॅमेरा नाही, फिल्म नाही, लेन्स नाही. आधी सगळ्यांनी फोटोवर बोलायचं, नजर पहिल्यांदा कुठे गेली, कुठे अडकली, काय काढून टाकता आलं असतं. दुसऱ्या दिवशी माहिती टाकायची आणि मग तांत्रिक गप्पा. एवढ्या एका गोष्टीने "मस्त", "छान", "अप्रतिम" वाल्या कमेंट निम्म्यावर आल्या आणि लोक वाक्यं लिहायला लागले.

त्यासाठी वही मात्र ठेवायला लागते. डिजिटल फाइलमध्ये शटर, अॅपर्चर, वेळ सगळं आपोआप नोंदलेलं असतं, फिल्ममध्ये काहीच नाही, आणि दोन आठवड्यांनी रोल धुतल्यावर अकराव्या फ्रेमला काय लावलं होतं हे कुणाच्या बापाला आठवत नाही. प्रत्येक फ्रेमचं लिहिणं जमत नसेल तर निदान मीटर कशावर केलं ते लिहा, चेहऱ्यावर, आकाशावर, सावलीवर. सल्ला देणाऱ्याला तेवढं कळलं तरी तो नेमकं काहीतरी सांगू शकतो.

ही फिल्म कुणी घेऊ नये तेही सांगते. ज्याला लांबचे डोंगर पानापानासकट बारीक हवेत त्याने इलफर्डच्याच बारीक ग्रेनच्या एफपी४ प्लस किंवा डेल्टा १०० बघावी. घरी डेव्हलप करणार नाही आणि जवळपासची लॅब फक्त रंगीत फिल्म धुते, असं असेल तर एक्सपी२ सुपर घ्या, ती ब्लॅक अँड व्हाइट असून रंगीतच्या सी-४१ केमिकलमध्ये धुतली जाते आणि तिच्यावर ती इन्फ्रारेडची धूळ काढायची सोय पण चालते. स्कॅनवर अजिबात हात न फिरवता करकरीत काळं-पांढरं हवं असेल तर कोडॅक ट्राय-एक्सचे चाहते तुम्हाला तिकडे ओढतील आणि ते काही चुकीचे नाहीत, दोन्हीमध्ये फरक आहे पण लोक भांडतात तेवढा नाही. आणि ज्याला आत्ता काढलेल्या फोटोवर आत्ताच मत हवंय, लायटिंगचा प्रयोग करून लगेच बदलून बघायचाय, त्याने सरळ डिजिटलवर करावं, त्यात कमीपणा काहीच नाही, मी स्वतः फ्लॅश डिजिटलवरच शिकले आणि अजूनही तिथेच शिकतेय.

घ्यायची ठरली तर एक रोल घेऊ नका, तीन-चार घ्या, सगळे एकाच पद्धतीने धुवा. पहिला रोल बॉक्सवर लिहिलंय तसा ४०० ला, दिवसाच्या उजेडात, ओळखीच्या माणसांचा आणि ओळखीच्या जागांचा, कारण तिथे काय कसं दिसतं हे डोळ्याला आधीच माहीत असतं आणि निगेटिव्हवर काय वेगळं आलं ते चटकन कळतं. शक्य असेल तिथे तोच सीन डिजिटलवरही काढून ठेवा, दोन्ही शेजारी ठेवून कुणाला तरी दाखवा. पुश, फिल्टर, वेगळे डेव्हलपर हे सगळं त्या पहिल्या रोलवर दोन-तीन जणांचं नीट ऐकून झाल्यावर.